गाव उठले आणि नऊ ओळी कापल्या गेल्या

बातमी खालून कापतात. बाहेरच्या माणसाला हे सांगितले की तो हसतो. जे लिहिले तेच छापले जाते, असा त्याचा समज असतो. वर्तमानपत्रात मजकुराची उलटी उतरंड रचतात. सगळ्यांत मोठे मडके वर, म्हणजे पहिल्या परिच्छेदात. त्याहून लहान त्याच्याखाली. आणि नसले तरी कोणाचे अडणार नाही ते तळाशी. ऐन वेळी जाहिरात आली, की पान लावणारा माणूस लेख वाचत बसत नाही. जेवढी जागा हवी तेवढ्या ओळी तळापासून उडवतो आणि चहाला जातो. पंचवीस वर्षांत माझ्या किती ओळी अशा गेल्या याचा हिशेब मी ठेवला नाही. त्यांच्यासाठी हळहळलो, असा प्रसंग मात्र एकच.

आमचे कार्यालय पनवेलला एसटी स्टँडजवळ एका औषधाच्या दुकानावर होते. दोन खोल्या, तीन संगणक, त्यातले दोन चालणारे. पनवेलच्या आसपास तेव्हा डोंगर खोदून खाड्या भरणे चालू होते. त्यामुळे बातम्यांना तोटा नव्हता: पाणीटंचाई, डंपर, पुन्हा पाणीटंचाई. अडचण होती ती रविवारच्या पुरवणीची. पुरवणीचे तिसरे पान दर आठवड्याला अर्धे रिकामे राही. आरोग्याचा सल्ला देणारे वैद्य स्वतःच आजारी पडले आणि ते अर्धे पान माझ्या गळ्यात आले.

मी विषय निवडला प्राचीन संस्कृतींच्या ऱ्हासाचा. त्यात विद्वत्तेपेक्षा सोय जास्त होती. स्थानिक माणसाबद्दल काही लिहिले की दुसऱ्या दिवशी खुलासा येतो, वकिलाचे पत्र येते, नाहीतर चार जण जिन्यात उभे राहतात. मोहेंजो-दडोच्या नगरशेठकडून खुलासा येण्याची भीती नव्हती. लेखमालेला नाव दिले 'लोप पावलेली नगरे'. दर रविवारी एक नगर बुडवायचे.

वाचून लिहायला लागल्यावर विषयाने मलाच धरले. शाळेत शिकवले होते की बाहेरून कोणी घोड्यावरून आले आणि नगरे जाळली. पुस्तकांत निराळेच निघाले. सिंधूच्या खोऱ्यात पाऊस शतकानुशतके हळूहळू कमी होत गेला. नद्यांनी पात्रे बदलली. हडप्पाच्या शेवटच्या काळातल्या हाडांवर कुष्ठरोगाच्या आणि क्षयाच्या खुणा सापडल्या. माया लोकांच्या नगरांवर लांबलेले दुष्काळ आले. रोममध्ये सैनिक मोहिमेवरून परतले ते साथ घेऊन. कुठेही एकच खुनी सापडत नव्हता. पाऊस हटायचा, धान्य घटायचे, माणसे दाटीने एका जागी गोळा व्हायची, आणि मग ताप यायचा. अवर्षण दार उघडून द्यायचे, रोगराई आत शिरायची. पोलिसी भाषेत, संगनमत.

वाचकांची पत्रे येऊ लागली. एक निवृत्त मुख्याध्यापक दर बुधवारी पोस्टकार्ड टाकत. त्यांच्या मते सर्व संस्कृती व्याकरण बिघडल्यामुळे बुडाल्या. एक बिल्डर फोनवर म्हणाला, "साहेब, पुराचा लेख आमच्या जाहिरातीसमोर नको. दुष्काळाचा चालेल." आणि आमच्या इमारतीखाली घड्याळे दुरुस्त करणारे उस्मानभाई होते. डोळ्याला भिंग लावूनच ते बोलत, त्यामुळे आपल्याला कोणीतरी तपासते आहे असे वाटे.

रोमचा लेख आल्यावर सोमवारी त्यांनी मला जिन्यात अडवले. "जनाब, बरं लिहिलंत. आमच्यात साथीला वबा म्हणतात. पण एक सांगा, रोमच्या वबेला अर्धं पान आणि पुलापलीकडच्या वबेला तीन ओळी?"

पुलापलीकडे भरावाच्या कडेला मजुरांच्या पत्र्याच्या झोपड्या होत्या. भरावाने ओढ्याचे तोंड बुजले होते आणि पाणी तुंबले होते. तिथे तापाचे रुग्ण निघाल्याची बातमी मीच दिली होती, 'थोडक्यात' या सदरात. दुसऱ्या दिवशी जाऊन आलो. झोपड्यांच्या दारात काळे पाणी होते आणि एक बाई त्यातच भांडी विसळत होती. बातमी वाढवून लिहिली, चौथ्या पानावर आली. रोम अर्धे पान, ते चौदा ओळी. हे प्रमाण आठवले की अजून बरे वाटत नाही.

मालेला दोनेक महिने झाले आणि संपादकांचा मुंबईहून फोन आला. "मायाबिया ठीक आहे हो. पण यात पनवेल कुठंय?"

वर्तमानपत्राच्या धंद्यात या प्रश्नाला उत्तर नसते, बातमीच आणावी लागते. आणि ती चालत आली. नेऱ्याच्या पुढे डोंगराखाली एक गाव आहे. नाव देत नाही. एकदा दिले तेवढे पुरे झाले. त्या गावाच्या खालच्या अंगाला जुने तळे आहे आणि तळ्याभोवती करवंदीच्या जाळीत घरांची जोती दिसतात. लोक त्याला जुना पाडा म्हणतात. पुण्याच्या एक संशोधक बाई त्या तळ्यातला गाळ काढायला आल्या होत्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत, मीही तेच म्हणतो.

मी पोचलो तेव्हा मॅडम मांडीपर्यंत चिखलात होत्या. दोन गडी एक लांब प्लास्टिकची नळी गाळात उभी दाबत होते. काठावर निम्मे गाव बसले होते.

"मॅडम, सोना शोधता का?" एकाने विचारले.

त्यांच्याऐवजी काठावरच्या एका म्हाताऱ्याने उत्तर दिले. "सोना असता तं आमी वर कशाला गेलो असतो रे?"

हे धर्मा पाटील. सगळे त्यांना धर्मा आजा म्हणत. गावातले सगळ्यांत वयस्क, कानाने तेज आणि जिभेने त्याहून.

मॅडमनी मला कामाची पद्धत समजावली. तळ्यात दर वर्षी गाळाचा एक थर बसतो, वहीत पाने लागावीत तसा. तळे कोरडे पडले तर माती भेगाळून कडक होते. मोठा पूर आला तर जाड वाळू येते. आणि फुलांचे पराग गाळात शेकडो वर्षे टिकतात. सूक्ष्मदर्शकाखाली शेताच्या गवताचे वेगळे, रानाच्या झाडांचे वेगळे. नळी उभी चिरली की गावाची वही उघडते. त्यांनी बोटाने दाखवले: इथे कडक माती, तिच्यावर वाळू, आणि त्यावर काळा, मऊ गाळ.

"म्हणजे दुष्काळ, मग पूर, मग गाव उठले?" मी विचारले.

"म्हणजे कडक माती, मग वाळू, मग काळा गाळ," मॅडम म्हणाल्या. "एका नळीवरून गावाचा निकाल देऊ नका. आणि दिलात तर माझं नाव घालू नका."

धर्मा आजांना इतके सोवळे नव्हते. त्यांनी आपल्या आजाकडून ऐकलेली हकिकत सरळ सांगितली. "दोन वरसं पाऊस नाय. तला सुकला. तिसऱ्या वरसाला असा पडला का बांद फुटला. पानी घरांपुढं साचून रायला. मंग हिव भरून ताप. या घरान, त्या घरान. मढी जाळाला लाकडं पुरना. मंग एक दिवशी देवी उचलली नि आख्खा गाव वर आला."

"आणि मग घरे बांधली?"

"नाय. पयली हीर खनली. देवीला पानी पाजला, मंग पोरांना पाजला. आठ दिस झाडाखाली रायलो. कोनाला ताप आला नाय, तवा घरं." त्यांनी वरच्या अंगाला बोट केले. "तीच ती हीर. अजून दर वरसाला आमी उपसतो. जवान पोरं आत उतरतात, गाल काढतात, नारल फोडतात."

मला लेख मिळाला होता. मी तो धंद्याच्या नियमाने लिहिला. वरती ताप, कारण ताप वाचला जातो. मग दुष्काळ, मग पूर, आणि पुन्हा ताप. तळाला नऊ ओळी: गाव वर हलले ते नवी विहीर खणून, पाणी पारखून, ही विहीर दर वर्षी उपसतात, आरोग्य केंद्राने तिचे पाणी तपासले आहे आणि ते पिण्यास उत्तम आहे, आणि एका नळीवरून निकाल देऊ नये असे संशोधकांचे म्हणणे आहे. खरे तर लेखाचा जीव त्या नऊ ओळींत होता. पण उतरंड रचताना हात सवयीने चालतो. चांगली बातमी तळाला जाते.

छायाचित्राचा प्रश्न होता. जुन्या पाड्याचा फोटो म्हणजे नुसती करवंदीची जाळी. छायाचित्रकाराने परत जाता जाता वरच्या विहिरीचा एक काढला होता: एक तरुण मुलगी भरलेला हंडा कमरेला लावून वळते आहे आणि मागे डोंगर. फोटो सुंदर होता. सुंदर फोटो असला की त्याचा मजकुराशी संबंध आहे का, हे कोणी विचारत नाही. मीही विचारले नाही.

पुरवणीची पाने शुक्रवारी संध्याकाळी जात. पान लावणारे पाटकर म्हणाले, "जाहिरात आलीय. नऊ ओळी जातील."

"जाऊ द्या," मी म्हणालो. मी तेव्हा दुसऱ्या बातमीत होतो. पाटकरांनी नऊ ओळींच्या जागी पोहण्याचा तलाव असलेली एक सात मजली इमारत बसवली.

रविवारी लेख आला: 'तापाने उठवलेले गाव'. खाली विहीर आणि हंडा.

मंगळवारी दुपारी जिन्यात चपला वाजल्या. आत आली ती पंचविशीच्या आतली मुलगी होती, हातात स्कूटीची किल्ली आणि चौघडी केलेले वर्तमानपत्र.

"ते संस्कृती बुडवणारे कोण?" तिने विचारले.

पाटकरांनी माझ्याकडे बोट केले.

"मी करिश्मा. ह्या फोटोतली." तिने पान टेबलावर पसरले. "शेवटची ओळ वाचा."

मी वाचली. "'... आणि अखेर तापाने हे गाव उठवले.'"

"त्याच्याखाली कोण आहे?"

"तुम्ही."

"कुठं?"

"विहिरीवर."

"म्हणजे लोकांनी काय समजायचं? की ताप ह्या विहिरीत आहे आणि मी तो हंड्यात भरून घरी नेतेय."

मी सांगितले की खाली आणखी मजकूर होता, विहीर चांगली असल्याचा.

"कुठाय?"

मी इमारतीवर बोट ठेवले.

"हिच्या खाली?"

"हिच्या जागी."

तिने पोहण्याच्या तलावाकडे बराच वेळ पाहिले. मग खुर्चीत बसली आणि सगळे सांगितले. ती पनवेलला संगणकाच्या वर्गात शिकवत होती. बारा दिवसांनी तिचे लग्न होते. मुलगा चिरनेरच्या अलीकडच्या एका गावातला. लग्न मुलीच्या दारात, सगळे गाव जेवायला. लेख आला त्या दिवशीच कोणीतरी तो मुलाच्या वडिलांना वाचून दाखवला. आगऱ्यांच्या सोयरिकीत निरोपाला पाय फुटतात. सोमवारी सकाळी निरोप आला. वऱ्हाड ठरल्याप्रमाणे येईल, पण पाणी आमचे आम्ही आणू. टेंपोभर जार.

"मग बाबा म्हणाले, ज्याला माझं पाणी नको त्याला माझी मुलगी कशाला? निरोप परत गेला. आता तिकडून निरोप नाही आणि इकडून नाही. पत्रिका वाटून झाल्यात."

"आणि मुलगा काय म्हणतो?"

"तो काय म्हणणार. तो पितो आमचं पाणी." ती थांबली. "पहिल्यापासून पितो."

पाटकर एकदम संगणकाच्या पडद्यात तोंड घालून काम करू लागले.

खुलासा छापायचे ठरले. खुलासा लिहिण्याची आमच्या धंद्यात एक पद्धत आहे: चूक कोणाची झाली ते कळू नये अशा रीतीने ती मान्य करायची. मी तसे चार ओळींत लिहिले. करिश्माने तो कागद ओढून घेतला आणि वाचला.

"विहिरीचं कुठं आहे?"

"शेवटी."

"शेवटी काय होतं ते बघितलं आपण. वर घ्या." तिने स्वतःच लिहिले. पहिली ओळ: 'या गावाच्या विहिरीचे पाणी पिण्यास उत्तम आहे.' मग उरलेले. नोकरीत मी तीन संपादकांच्या हाताखाली काम केले. मजकुराचा क्रम बदलायला त्यांच्यातल्या एकालाही इतका कमी वेळ लागला नाही.

खुलासा गुरुवारी आला, पाचव्या पानावर, भरती-ओहोटीच्या वेळांशेजारी. शनिवारपर्यंत त्यावर एकच प्रतिक्रिया आली. उरणच्या एका कोळ्याचा फोन: भरतीची वेळ चुकली आहे.

खुलासा कोणी वाचत नाही हे मला नोकरीच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक होते. म्हणून तर आम्ही तो बिनदिक्कत छापतो. पण लग्नाला आता आठवडाच उरला होता. बातमीदाराने बातमीच्या बाहेर उभे राहावे, असे मी नव्या मुलांना नेहमी सांगत आलो. तरीही रविवारी सकाळी मी स्कूटर काढली आणि करिश्माच्या गावी गेलो. तिच्या सांगण्यावरून धर्मा आजा रस्त्यावर तयार उभे होते. करिश्माच्या वडिलांचे ते चुलत चुलते. वडील यायला तयार नव्हते, त्यांनी निरोपही दिला नाही. आजांच्या हातात थंड पेयाची दोन लिटरची बाटली होती, पाण्याने भरलेली.

"काय हे?"

"पुरावा," आजा म्हणाले आणि मागे बसले.

मुलाच्या घरी त्याचे वडील हसुरामशेठ ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. त्यांच्या घराण्याची पूर्वी मिठागरे होती, आता चार डंपर होते. त्यांनी आम्हाला बसायला सांगितले. आजांनी बाटली मधल्या स्टुलावर ठेवली. तिच्याकडे सगळ्यांनी पाहिले आणि हात कोणी लावला नाही.

मी झाले ते सांगितले. लेख, जाहिरात, नऊ ओळी.

"म्हंजे पेपरान खोटा छापता तुमी?" हसुरामशेठ म्हणाले.

"खोटे नाही. अर्धे."

"आनि उरलेला?"

"गुरुवारी छापले." मी खुलासा पुढे केला.

त्यांनी तो हातात धरून लांब नेला, जवळ आणला. "येवराच? आमच्या सोयऱ्याची अब्रू घ्याला आरदा पान, नि परत द्याला काडेपेटीयेवढा?"

मी कागद परत घेऊन खिशात घातला. पुढे ते म्हणाले, "पेपरान आला ता लोकांनी वाचला. तुमी आता तोंडान सांगता, ता कोन मानल? मी पन्नास घरांना नेनार. कोनाच्या पोराला ताप आला तं नाव माजा."

आजा काही बोलणार तोच मी, निव्वळ धंद्याच्या सवयीने, एक प्रश्न विचारला. बातमीदाराला गप्प बसण्याची जागा सापडली नाही की तो प्रश्न विचारतो.

"तुमचे गाव पहिल्यापासून इथेच का?"

"नाय," हसुरामशेठ म्हणाले. त्यांचा आवाज थोडा मोकळा झाला. "खाली होता, खाडीच्या अंगाला. बांद फुटला, खारा पानी शेतान आला. मिठान उठला आमचा गाव. ताप नाय, बीप नाय. मीठ." हे ते अशा थाटात म्हणाले, की जणू मिठाने उठणे हे खानदानी उठणे आहे.

आतून बायकी आवाज आला. "निसत्या मिठान?"

हसुरामशेठनी दाराकडे पाहिले. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई चहा घेऊन बाहेर आल्या. "पटकी कोन सांगल? सासूबाय सांगत. बांद फुटला, हिरीन खारा पानी गेला, लोक डबक्याचा पानी प्याले. आठ दिसान घरंच्या घरं रिकामी. उरले ते वर पलाले. ता आपला गाव."

पटकी म्हणजे कॉलरा.  

धर्मा आजांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि शांतपणे म्हणाले, "मंग शेठ, आमी तुमच्याकरं उलट जेवाला आलो, तं आमीबी जार आनू का?"

पार्वतीबाई हसल्या. पदर तोंडाला लावूनही आवाज आवरेना. त्यांनी बाटली उचलली, झाकण काढले, पेला भरला आणि उभ्या उभ्या पिऊन टाकला.

"गोड हाय," त्या म्हणाल्या.

"तू कशाला प्यालीस?" हसुरामशेठ ओरडले.

"माजी सून हाच पिऊन मोठी झाली. फोटून बगितली नाय तुमी? भरलेला हंडा कसा धरलाय. मना तं त्या फोटूनच पसंत परली."

"जार सांगून झालेत," हसुरामशेठ म्हणाले, पण आता आवाजात धार नव्हती. "आख्ख्या गावाला म्हाईत हाय. आता नको म्हनलो तं गाव हसल."

"मंग?" आजांनी विचारले.

"बगू."

'बघू' या शब्दावर मी आयुष्यात अनेक नेत्यांच्या बातम्या लिहिल्या आहेत. त्याचा अर्थ काहीही होतो.

परतताना आजांनी मागून विचारले, "ती तुमची मोहेंजोची मानसा, ती कुठं गेली?"

मी मान वळवून सांगितले की संशोधकांच्या मते बरीचशी पूर्वेकडे सरकली. मोठी नगरे सोडली आणि लहान लहान गावांत जाऊन राहिली. मायांचे वंशज तर आजही आहेत, मका पिकवतात.

"मंग लोप कोन पावला?"

मी रस्त्याकडे पाहत स्कूटर चालवत राहिलो. रस्त्यात डंपर होते हे एक कारण. दुसरे असे की दोन महिने मी दर रविवारी एक नगर बुडवत होतो आणि त्यातली माणसे कुठे गेली हे एकदाही विचारले नव्हते. मेलेली खूप होती, जाळायला लाकूड पुरत नव्हते इतकी. पण उरलेल्यांनी देवी उचलली असेल, पाणी शोधले असेल, आठ दिवस झाडाखाली काढून पोरांच्या कपाळाला हात लावून पाहिला असेल. पडलेल्या भिंती उत्खननात सापडतात. झाडाखालचे आठ दिवस सापडत नाहीत. पुढच्या भागाचा मथळा तयार होता. तो मी मागे घेतला आणि लेखमाला त्याच आठवड्यात बंद केली. मुख्याध्यापकांचे पोस्टकार्ड आले: व्याकरण सुधारत होते, बंद का केलीत?

लग्नाच्या दिवशी मी गेलो. बोलावणे करिश्माचे होते आणि तिने फोनवर एकच वाक्य सांगितले होते, "या, आणि फोटोवाल्याला आणू नका."

मांडव विहिरीच्या बाजूलाच होता. तिचे वडील बाळारामशेठ नवा सदरा घालून वेशीवर उभे होते, हाताची घडी घालून. सकाळपर्यंत तिकडून निरोप नव्हता. वऱ्हाड निघाले हे कळले होते, जार निघाले का ते कळले नव्हते. मांडवातल्या बायका गात होत्या, पण गाता गाता रस्त्याकडे पाहत होत्या. करिश्मा आतल्या खोलीत होती. खिडकीच्या गजांतून तिची मुंडावळी तेवढी दिसे, मग नाहीशी होई, मग पुन्हा दिसे.

आधी बँडचा आवाज आला, मग गाड्या. सगळ्यांत शेवटी टेंपो. त्यात निळे जार उन्हात चकाकत होते.

बाळारामशेठनी हाताची घडी सोडली नाही. गाणे थांबले.

हसुरामशेठ गाडीतून उतरले. फेटा सारखा केला, वेशीपर्यंत चालत आले आणि व्याह्यासमोर उभे राहिले. दोघांत दोन हातांचे अंतर. मग ते मोठ्याने, मागच्या गाडीपर्यंत ऐकू जाईल असे म्हणाले, "व्याही, तान लागली. पानी हाय का नाय तुमच्याकरं?"

बाळारामशेठनी हाताची घडी सोडली. मग स्वतःच वळले, विहिरीवर गेले आणि पोहरा सोडला. इतक्या वर्षांत त्यांनी घरचे पाणी स्वतः कधी काढले नसावे, कारण पोहरा दोनदा कठड्याला आपटला. तांब्या भरून आणला. हसुरामशेठनी तो वर धरून घटाघटा प्यायला, मिशा पुसल्या आणि उरलेले पाणी मागे वळून आपल्या धाकट्या भावाच्या हातात दिले. भावाने प्यायले आणि पुढे दिले. बँडवाल्यापर्यंत तो तांब्या गेला. गाणे पुन्हा सुरू झाले, आधीपेक्षा मोठ्याने. खिडकीतली मुंडावळी दिसेनाशी झाली ती परत आली नाही.

"आणि हे जार?" कोणीतरी विचारले.

हसुरामशेठनी मांडवात नजर फिरवली. मी एका खांबाच्या आड उभा होतो. बाहेर उभे राहण्याची सवय.

"ते पत्रकारांसाठी," ते म्हणाले. "त्यांना आपला पानी सोसत नाय. पेपरान आलाय."

दोन पोरांनी एक जार उचलून आणला आणि माझ्या खुर्चीसमोर ठेवला, वर उपडा पेला. मांडव हसला. पार्वतीबाई सगळ्यांत जास्त. जेवताना सुक्या बोंबलाची चटणी तिखट होती. मी विहिरीचा तांब्या मागितला. वाढणाऱ्याने बाळारामशेठकडे पाहिले, बाळारामशेठनी हसुरामशेठकडे पाहिले, आणि दोन्ही व्याह्यांनी, बारा दिवसांत पहिल्यांदाच एकमताने, मान हलवली. नाही.